वाईट नाही

चंपतराव धोट्यांच्या लाल पेनाला सत्तर हा आकडा लिहिताच येत नव्हता. मराठी विभागात उभी हयात गेली, पण ते पेन कधी साठीच्या पलीकडे फिरकलं नाही. एकदा म्हणे एका पेपरवर चुकून एकसष्ट पडले, तर विभागाच्या भिंतीचे पोपडे गळाले आणि चंपतरावांना ताप भरला. शब्दांचंही तसंच. ज्या विद्यार्थ्याचं पुढे काही होणार नाही हे त्यांना लख्ख दिसे, त्याच्या वहीवर ते मायेनं 'अप्रतिम' लिहीत, त्याला चहा पाजत आणि वाटेला लावत. त्याहून बऱ्याला 'छान'. आणि ज्याचं लिखाण वाचून आपण आजवर फुकट मास्तरकी केली असं त्यांना वाटे, त्याला मिळे 'वाईट नाही'. हे दोन शब्द मिळवलेली माणसं अख्ख्या विदर्भात बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या एकानं तर ते चौकटीत बसवून देव्हाऱ्यात ठेवले होते आणि रोज त्यांना फूल वाहत होता.

यंदा ते दामिनीला मिळाले.

दामिनी उमरेडची. घरातला माग कधीच अडगळीत गेलेला, पण मागावर बसून माणसं जे बोलायची, भांडायची, शिव्या द्यायची, ती सगळी भाषा पोरीनं दारोदार हिंडून गोळा केली आणि तिच्यावर प्रबंध लिहिला. चंपतराव तो जेवताना वाचायला बसले आणि भाजी संपल्यावर तिसरी पोळी नुसत्या पाण्याशी खाऊन उठले. मग त्यांनी लिहिलं, 'वाईट नाही. अठ्ठावन्न.' दामिनीनं विभागभर संत्राबर्फी वाटली.

मग आली ती शिष्यवृत्ती. सगळ्या शाखा मिळून एकच. मिळाली तर दामिनीचं पुढलं संशोधन, नाही तर सदर भागातल्या साडीच्या दुकानाचं काउंटर. दुकानदार सोमवारपर्यंत थांबायला तयार होता.

समिती बसली ती ऐन मे महिन्यात. उन्हानं असा कहर केला होता की दारातल्या स्कूटरच्या सीटवर शिपायानं पापड भाजून खाल्ला. आत कूलर होता, पण तो सगळी हवा अध्यक्षांनाच देई. अध्यक्ष म्हणजे इंजिनियरिंगचे प्रीतमसर.

"चंपतरावजी, या पोरीवर तुमचा काही राग आहे का जी?"

"राग? माझ्या हाताखालून गेलेली सगळ्यात हुशार पोरगी आहे ती."

"मग अठ्ठावन्न? आमच्याकडे अठ्ठावन्न तर पेपरच्या दिवशी लग्नाले गेलेल्या पोराले भेटतात. हा आमचा सुशील पाहा, सत्त्याण्णव. तीन कापले, ते खराब अक्षरासाठी."

"आमच्यात अठ्ठावन्न म्हणजे..."

"आमच्यात उत्तर एकच राहते. आलं तर पूर्ण मार्क, नाही आलं तर स्टेप्सचे मार्क."

चंपतरावांनी कपाळाचा घाम पुसला. मराठीत सातशे वर्षांत उत्तर काही आलं नव्हतं, नुसत्या स्टेप्सच चालू होत्या, हे या माणसाला कसं सांगायचं? इतर विभागांची तरी काय कथा! कायदेवाले उत्तरपत्रिका तराजूत टाकतात अशी वदंता होती. वास्तुशास्त्रवाले प्रतिकृतीवर फुंकर मारत, उभी राहिली तर पास.

तेवढ्यात संख्याशास्त्राच्या शोभाताई बोलल्या. "सर, घाबरू नका. कंजूष मास्तर आणि दिलदार मास्तर एका पातळीवर आणायचा उपाय आहे. ज्या त्या विभागाची सरासरी काढायची आणि पोरगा तिच्या किती वर आहे ते पाहायचं."

चंपतरावांना वाटलं, ही बाई नव्हे, साक्षात देवी! शोभाताईंनी कॉम्प्युटर पुढ्यात ओढला.

"मराठीत यंदा विद्यार्थी किती?"

"एक."

"एकच?"

"दामिनीच."

कॉम्प्युटरचा पंखा घरघरला, त्यानं कूलरलाही मागे टाकलं. शोभाताईंचा चेहरा पडला. "सर, सरासरी अठ्ठावन्न. दामिनीला अठ्ठावन्न. दामिनी दामिनीपेक्षा किती वर? शून्य."

"अहो, पण ती दामिनीच आहे ना!"

"तेच तर हा कॉम्प्युटर म्हणून राहिलाय, सर."

"मग मागच्या पोरांचे गुण धरा."

"ते जुन्या पद्धतीतले. चालत नाहीत."

"मग माझेच वाढवतो. एक पाच-दहा..."

"गुण एकदा पाठवले की गेले," प्रीतमसर म्हणाले. "शेरा मात्र बदलता येते. शेऱ्याले वीस गुण आहेत. तुमच्या 'वाईट नाही'ले आमच्या तक्त्यात चार बसतात. 'अप्रतिम' लिहा, पूर्ण वीस घ्या. त्यात काय एवढं?"

चंपतरावांनी पेन उघडलं. ते पेन, खरं सांगतो, दोनदा कागदावरून मागे सरकलं. शेवटी त्यांनी डोळे मिटून 'वाईट नाही' खोडलं आणि वर लिहिलं, 'अप्रतिम'.

बेरीज झाली. सुशील पहिला. दामिनी वीसच्या वीस मिळूनही कुठल्या कुठे मागे.

निकाल फळ्यावर लागला, नावांसकट, शेऱ्यांसकट. चंपतराव बाहेर आले तेव्हा दामिनी त्या फळ्यासमोरच उभी होती.

"शिष्यवृत्ती गेली, तं जाऊ द्या जी," ती म्हणाली. "पण तुमी मले 'अप्रतिम' काहून लिवलं?"

"अगं, ते वीस गुणांसाठी..."

"सर, माहं चुकलं काय, ते तं सांगा. मागचे दोन शब्द खोडून लिवलं तुमी. म्हंजे दुसऱ्यांदा वाचलं असन. दुसऱ्यांदा वाचल्यावर समजलं असन, का पोरीत काही दम नाही."

"नाही वं बाई! वाईट नाही. खरंच वाईट नाही."

"आता तोंडावर म्हनून राहिले. मले बरं वाटावं म्हून."

चंपतरावांनी शब्द शोधले. जन्मभर शब्दांचाच धंदा केलेला माणूस, पण जो शब्द उचलावा तो त्यांनीच आधी वापरून उलटा करून ठेवलेला. पोरीचे डोळे भरलेले पाहून त्यांच्या तोंडून सवयीनं, अगदी मायेनं, निघून गेलं,

"चल, चहा घेशील?"

दामिनीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग चेहऱ्याभोवती दुपट्टा घट्ट गुंडाळला, नुसते डोळे उघडे ठेवले आणि गाडीची चावी फिरवली.

"नको सर. सदरले जाते. दुकान बंद व्हायच्या आधी हो म्हनून येते."