कुणाच्या चवीपुरतं?

मित्रांनो, मी एक जुनं पातेलं आहे. बूड जाड, काठ एका बाजूला चेपलेला आणि स्वभाव, खरं सांगायचं तर, जरा मानी. तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. हातोडीचे ते ठसे अजून अंगावर आहेत. त्यांवर ऊन पडलं की मला आपण पाण्याखाली असल्यासारखं वाटतं.

या घरात मला बाईंनी आणलं. मंद आचेवर, वाफेत माझा डोळा लागायचा. बाई गुणगुणत ढवळायच्या आणि स्वप्न कुठे संपलं, भात कुठे सुरू झाला, मला कळायचं नाही. पाहुणे भाताची वाहवा करत, मी आतल्या आत फुगे. पुढे हलकी, चकचकीत भांडी आली आणि मला वरच्या फळीवर पालथं ठेवलं. तिथे दिसत काही नाही, नुसतं ऐकू येतं.

मग बाई आजारी पडल्या. दवाखान्यातून घरी आल्या, पण त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. बाहेरून येणारा डबा तसाच परत जाई. पोटात अन्न गेल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असं डॉक्टर बजावून गेले. बाईंच्या यजमानांचा जीव टांगणीला लागला. कधी चहासुद्धा न केलेला तो माणूस म्हणाला, "आता मीच रांधतो!"

एका सकाळी मला खाली उतरवून लख्ख घासलं. समोर यजमानांची थोरली बहीण बसली होती. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात हयात घालवलेल्या आक्का. गॅस पेटण्याआधी बेत तपासायला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

यजमान कागद वाचू लागले. "भात पातेल्यात. भाजी पातेल्यात. सूप पातेल्यात. सगळं एकदम गरमागरम वाढायचं."

"अरे शहाण्या, पातेलं एक आणि पदार्थ तीन! एकमेकांच्या मांडीवर बसवणार आहेस का त्यांना?"

"नवी भांडी आहेत, पण तिच्या हातात मला हेच आठवतं गं," यजमान पडेल आवाजात म्हणाले.

मला अगदी भरून आलं. आक्काही जरा नरमल्या. "बरं, आज नुसता मऊ भात कर. पुढे वाच."

"मीठ चवीपुरतं."

"कुणाच्या चवीपुरतं?"

"म्हणजे... नेहमीचंच की."

"जा, तिला विचारून ये. तोवर गॅसला हात लावायचा नाही."

यजमान खोलीच्या दारात गेले. "अगं, तुला मीठ कसं लागतं?"

मग बाईंचा बारीक आवाज आला. "कमी. अगदी कमी. आजवर तुमच्या चवीचं करत आले. मला कधी कुणी विचारलंच नाही हो."

मित्रांनो, इतका भात शिजवला मी त्यांच्या हाताखाली, पण हे मलाही ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटलं.

दुपारी यजमानांनी मला भातासकट बाईंच्या खोलीत नेलं. बाईंनी एक घास घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. मग म्हणाल्या, "आणखी थोडा वाढा."

यजमानांना तो भात अळणी लागत होता, चेहऱ्यावर दिसतच होतं. पण मिठाची वाटी शेजारी असून त्यांनी तिला हात लावला नाही. डोळे पुसत पुसत ताट स्वच्छ केलं.

भांडी जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरी जे कुणी रांधत असेल, त्याला आज विचारा, "तुला कसं आवडतं?" आणि निदान एक दिवस तरी, कुरकुर न करता, तसंच जेवा.