अंघोळीचा साबण

धाकटीनं पिशवीतून गुलाबी कागदातली साबणाची वडी काढली आणि बाबांच्या हातावर ठेवली. इंजिनाशी बसलेल्या दादानं ते पाहून मान दुसरीकडे वळवली. मासे धरायला निघताना साबण मागणाऱ्या माणसाबद्दल आणखी काय बोलायचं!

दोन महिने बाबा रोज खाडीत जात होते आणि रोज हात हलवत परत येत होते. चाळीस वर्षं ज्यांच्या मासे धरायच्या जागेचा कुणाला थांगपत्ता लागला नव्हता, त्यांना आता स्वतःलाच ती सापडेना. धक्क्यावरचे लोक कपाळाशी बोट फिरवून एकमेकांना खुणा करत. शेवटी दादानं विषय काढला आणि बाबांनीही शब्द देऊन टाकला: एकदा तिघं जाऊ, मासा नाही लागला तर होडी विकून टाक. बाबा भांडले नाहीत, याचीच धाकटीला जास्त धास्ती वाटली. होडी गेली की हा माणूस खिडकीशी खुर्ची टाकून बसेल आणि पुन्हा उठायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ऊन होतं, पण वारा कानाला झोंबत होता. खाडीच्या मधोमध दादानं इंजिन बंद केलं.

"कुठं घेऊ?"

बाबा किनाऱ्याकडे बघत राहिले.

"ते धुराडं असायला हवं होतं रे. विटांच्या कारखान्याचं."

"बाबा, ते उन्हाळ्यातच पाडलं." दादाचा आवाज आजाऱ्याशी बोलावं तसा मऊ झाला.

"पाडलं ते मला दिसतंय," बाबा खेकसले. "मी काय आंधळा आहे? धुराडं दीपगृहाच्या रेषेत आलं की खाली शिंपल्यांचा पट्टा. थंडी पडली की मासा खोल पाण्याकडे निघतो, जाताना तिथं चार दिवस टेकतो. चाळीस वर्षं ते धुराडं बघून नांगर टाकला. आता काय तुझं तोंड बघून टाकू?"

दादा आ वासून बघत राहिला.

"मग आधी का नाही सांगितलंत?" धाकटीनं विचारलं. तिला रडूही येत होतं आणि हसूही.

"जागा सांगतं का कुणी? तुझ्या आईला नाही सांगितली कधी."

बाबांनी वडीचा तुकडा मोडला, बोटांनी मळला आणि दोरीला बांधलेल्या शिशाच्या गोळ्याच्या बुडाशी असलेल्या खळग्यात दाबून बसवला. दोरी सोडली. शिसं तळाला टेकल्यावर वर ओढलं, तर साबणाला काळा चिखल चिकटून आला होता.

"माझ्या बापाची रीत," ते म्हणाले. "कधी गरजच पडली नाही, म्हणून विसरलो होतो. काल अंथरुणात पडल्या पडल्या आठवली. चिखल आहे, पुढे घे."

दादानं वल्हं उचललं. पुन्हा चिखल. मग वाळू. मग पुन्हा चिखल. पाचव्या वेळी बाबांनी दोरी धाकटीकडे दिली.

"तू टाक. टेकलं की हाताला कळतं."

तिनं दोरी सोडली आणि खालून बोटांपर्यंत एक बारीक खरखर आली. वर ओढलं, तेव्हा साबण शिंपल्यांच्या पांढऱ्या चुऱ्यानं भरला होता. तिनं तो नुसता बाबांपुढे धरला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"टाक नांगर."

पहिला मासा दादाच्याच गळाला लागला. तो केवढ्यानं तरी ओरडला, मग बाबांकडे बघून ओशाळला. पाटी अर्धी भरल्यावर त्यानंच हळूच विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

बाबा पाठ ताठ करून बसले.

नांगर उचलायच्या आधी धाकटी उभी राहिली आणि किनाऱ्याकडे एकटक बघू लागली. पाण्याची निळी टाकी नेमकी दीपगृहाच्या रेषेत आली होती.

"काय बघतेस?" दादानं विचारलं.

"काही नाही."

बाबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मग हसू लपवायला पाटीवर वाकले.

"उद्या कपड्यांचा साबण आण," ते म्हणाले. "ह्याला वास फार."