पुसायच्या ओळी

मित्रांनो, मला हात लावून पाहता येणार नाही. मी संगणकात राहणारा, आता जुना झालेला फिक्स्चर आहे. म्हणजे चाचण्यांची मांडामांड करणारा. रुग्णालयात वजनाप्रमाणे औषध सोडणारे एक यंत्र असते. त्याच्या प्रोग्रॅमच्या लहान लहान चाचण्या घेतात. प्रत्येक चाचणीआधी मी एक खोटा रुग्ण आणि कोरे यंत्र मांडतो. चाचणी संपली की सगळे पुसून टाकतो.

मला घडवले ताईंनी. सगळे ऑफिस त्यांना ताईच म्हणे. "एका चाचणीचं उष्टं दुसरीला वाढायचं नाही," हे त्यांनी मला लावलेले वळण. माझ्यामुळे कितीतरी चुका वेळेवर पकडल्या गेल्या. माझे कौतुक झाले.

मग ताई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. माझा ताबा आला एका हुशार पण उतावळ्या माणसाकडे. त्याला सगळे 'तुफान' म्हणत.

"दरवेळी मांडा, दरवेळी पुसा. किती वेळ खातो हा," म्हणत त्याने माझ्या पुसायच्या ओळी काढून टाकल्या. आता सगळ्या चाचण्या एकाच यंत्रावर, एकामागून एक चालू लागल्या. काम झटपट होई. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

त्यातच प्रोग्रॅममध्ये एक चूक शिरली. पलंगाच्या वजनकाट्यावरून आलेले वजन यंत्र घेईना. आधीचेच धरून बसे. पण माझे सगळे खोटे रुग्ण बारा किलोंचे. पहिल्या चाचणीत हाताने भरलेले वजन न पुसल्यामुळे तसेच उरे, आणि काट्याची चाचणी त्यावर बिनबोभाट हिरवी, म्हणजे पास, होई.

ताई परतल्या तेव्हा नवा प्रोग्रॅम रुग्णालयात पोचला होता.

"हा पुसत का नाही?" त्यांनी विचारले.

"सगळं हिरवं आहे की, ताई," तुफान म्हणाला.

ताईंनी काट्याची चाचणी एकटीच चालवली. लाल. उसने घ्यायला आधीचे वजनच नव्हते.

त्यांनी सरळ रुग्णालयात फोन लावला आणि यंत्रावर आत्ता कोण आहे, आधी कोण होते, ते विचारले. नर्स म्हणाली, "आत्ताच एका बाळाला यंत्र जोडलंय. आधी त्या पलंगावर एक मोठे गृहस्थ होते. का हो?"

"औषध बंद करा. आधी बंद करा, मग बोलू."

पलीकडे पावलांची धावपळ ऐकू आली.

मोठ्या माणसाच्या मापाने औषध अंगात गेले होते. बाळ वाचले, पण कितीतरी दिवस त्याने डोळे उघडले नाहीत. तुफानने माझ्या ओळी स्वतःच्या हातांनी परत लिहिल्या.

मित्रांनो, माझी निगा राखा. मला ओरडता येत नाही. मी बिघडलो तरी दिवा हिरवाच लागतो, आणि पलंगावर कोण निजले आहे, हे मला कधीच दिसत नाही.