पित्ताच्या गोळीचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ सैल झाली आहे आणि इस्लामपुरातल्या एका दवाखान्याच्या खणात मी पडून आहे. हसू नका बरं का! एके काळी माझ्यावाचून त्या दवाखान्याचं पान हलत नव्हतं.

माझा जन्म सांगलीच्या एका शिक्केवाल्याच्या दुकानात झाला. दवाखान्याच्या धैर्यशील डॉक्टरांनी मला मुद्दाम बनवून घेतलं. पेशंटची ही गर्दी! प्रत्येक कागदावर तेच तेच लिहून त्यांचा हात भरून यायचा. म्हणून माझ्या अंगावर एक ओळ कोरली: ‘पित्ताची गोळी, सकाळी उपाशीपोटी, चालू ठेवणे.’ किती दिवस, ते कोरायचं कुणाला सुचलं नाही.

पल्लवी सिस्टर मला दणादण ठोकायच्या. ताप आलेला असो, हात मोडलेला असो की विंचू चावलेला, सगळ्यांच्या कागदावर मी! घरी सोडतानाच्या कार्डावरही मीच. “हा शिक्का म्हणजे माझा तिसरा हात,” असं त्या म्हणाल्या की मी नुसता फुगायचो. इतर औषधांनी पोट बिघडू नये, असू दे एक गोळी, असा सगळ्यांचाच समज होता. कुणाला खरंच गरज आहे, हे बघत कोण बसणार?

सहा वर्षांपूर्वी रंगुबाई तापाने फणफणून आल्या. त्या आटपाडीकडच्या मेंढपाळ. दर साल पावसाळा सरला की मेंढरं घेऊन पलूसच्या बाजूला चालत यायच्या. चार दिवसांत ताप उतरला आणि त्यांच्या कार्डावर मी उमटलो. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्या निळ्या ठशावरून बोट फिरवलं आणि कार्ड मुलाच्या हाती दिलं. “दादासो, शिक्क्याचा कागद हाय. जपून ठिव.” मला केवढा अभिमान वाटला होता!

यंदा दादासोने त्यांना पुन्हा आणलं, आडवं घालून. कोकरू उचलायला वाकल्या, बांधावरून जराशा घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. एवढ्याशा पडण्याने! नव्या डॉक्टर राजेश्वरींनी ते जुनं कार्ड पाहिलं.

“आजी, तुम्हाला पित्ताचा त्रास होता का?”

“न्हाई वं. ताप हुता तवा.”

“मग अजून ही गोळी का घेताय?”

“शिक्का मारलाय न्हवं तुमी! सा वर्सं एक दिस चुकवली न्हाई.”

“व्हय,” दादासो म्हणाला. “गोळी घेतल्याबिगर आय मेंढरं सोडायची न्हाई. कार्ड दावलं की मेडिकलवाला देतोय.”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. वयाने हाडं ठिसूळ होतातच, पण ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर ती आणखी ठिसूळ होऊ शकतात. रंगुबाईंनी एवढंच विचारलं, “मेंढरांमागं चालाय येईल न्हवं?”

“काठी घेऊन घरात फिराल, आजी. तेवढं लांब आता जमणार नाही.”

रंगुबाईंनी कार्डावरच्या माझ्या निळ्या ठशाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “बाई, माजं काय चुकलं का वं?”

डॉक्टर कार्डाकडे बघत राहिल्या. मी टेबलावरच होतो. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी त्यांनी मला खणात टाकलं. फार उशीर झाला होता हो!

तुमच्या घरातही कुणी आजी-आजोबा रोज गोळी घेत असतील. मनाने ती बंद करू नका, पण डॉक्टरांना जरूर विचारा, ही कशासाठी आणि किती दिवस? आणि आटपाडीकडे कधी गेलात, रंगुबाई दारात काठी घेऊन बसलेल्या दिसल्या, तर माझं एक काम करा. त्यांना सांगा, “आजी, तुमचं काहीच चुकलं नव्हतं.”