गाठोडं कोणाच्या डोक्यावर

धनीबाईनं आजवर किती नवऱ्या रडवल्या याची मोजदाद कोणी ठेवली नाही. रडवल्या म्हणजे छळल्या नाहीत, रडायला शिकवल्या. गोर बंजारा लोकांत पोरगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. ते काही बांधलेलं गाणं नसतं. उंबरठा, गोठ्यातली गाय, भाऊ, बाप, आणि सगळ्यात शेवटी याडी, म्हणजे आई. ज्याचा निरोप घ्यायचा त्याच्यावर तिथल्या तिथं शब्द जोडायचे आणि रडता रडता सूर धरून ठेवायचा. हे जमलं नाही तर तांडा पोरीला बोल लावत नाही, तिच्या याडीला लावतो. म्हणून लग्न ठरलं की पांढरकवड्याच्या आसपासच्या तांड्यांतल्या पोरी धनीबाईपुढे येऊन बसत. धनीबाई तंबाखू चोळत ऐकायची आणि म्हणायची, "बकरीवाणी काहून ओरडून राह्यली? सासरी चालली का खाटकाकडे?"

आणि आता माघात तिच्याच लेकीचं, हंसाचं लग्न, आणि हंसा म्हणते, मी ढावलो म्हणणार नाही.

हंसा पांढरकवड्याला मामाच्या घरी राहून सातवी शिकली होती. तेव्हापासून पातळ नेसायची, तिचं पाहून धाकटी जमनीही नेसायला लागली. तांड्यात त्या दोघी उभ्या राहिल्या की पाहुण्यांच्या पोरी वाटायच्या.

"माह्या शाळेतल्या मैत्रिणी येतीन लग्नाले. त्यायच्यापुढं मी गळा काढू?" हंसा म्हणाली.

"नाही काढला त माहं नाक कापलं जाईन."

"लांब हाये तुहं नाक, याडी. थोडं कापलं त काही बिघडत नाही."

बाप खेमसिंग हे ऐकत होता, पण दोन वाघिणी पाण्यावर आल्या की तिसऱ्यानं तहान मारावी, एवढी अक्कल त्याला होती. तो उठून बैलांकडे गेला. भांडण पोळ्यापासून दिवाळीपर्यंत पुरलं. धनीबाईनं धमकावलं, उपाशी राहून पाहिलं, एकदा खरंच रडूनही पाहिलं. शेवटी हंसाच एका संध्याकाळी म्हणाली, "मले एक डाव हैदराबाद दाखव. मंग तू म्हणशीन तितकं रडीन."

तांड्यातल्या बाईला हैदराबाद म्हणजे परमुलूख. पैनगंगा ओलांडली की बोली बदलते, पाट्यांवरची अक्षरं गोल गोल होतात, आणि तिथं माणूस हरवला तर त्याला त्याच्या गावाचं नाव सांगून उपयोग नाही. धनीबाईचा आजा लदनीचे बैल घेऊन तिकडे जायचा, मिठाच्या गोण्या लादून. बायका मागून चालायच्या, त्यातलीच एक वाटेत बाळंत झाली आणि तिसऱ्या मुक्कामाला पुन्हा चालायला लागली, असं घरात सांगत. आता त्याच वाटेनं पोरींना मौज करायला न्यायचं होतं. पण धनीबाईचा भाऊ रूपसिंग कापसाच्या गाठींचा ट्रक तिकडेच न्यायचा. तिनं हो म्हटलं.

"अन् तू पातळ नेसशीन," हंसानं शेवटचा खिळा ठोकला.

"मी मेल्यावर नेसव. तवा मले बोलता येनार नाही."

तर धनीबाई निघाली ती आरशांची कांचळी, फेटियाचा घेरदार घागरा, दंडापर्यंत बलियांच्या बांगड्या आणि केसांतून गालांवर लोंबणारी घुगरी-टोपली, अशा सगळ्या साजासकट. नवरा जिवंत असलेल्या गोर बाईचा साज म्हणजे काही कमी वजन नाही. घरी ते कळत नाही. ट्रकच्या पुढच्या फळीवर रात्र काढून सकाळी परक्या शहरात पाय ठेवला, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं.

रूपसिंगच्या गाठी उतरायच्या होत्या. "बाई, सांजेपरेंत इथंच परत या. गाठोडं इथं नका ठेवू, हमाल लोकायचा भरोसा नाही," तो म्हणाला. गाठोड्यात भाकरी, ठेचा, पोरींची दुसरी पातळं आणि एक चादर होती. पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. पातळ नेसून डोक्यावर गाठोडं कोण घेणार? धनीबाईनं ते डोक्यावर घेतलं. जन्मभर डोक्यावर काही ना काही होतंच.

मग पाहणं सुरू झालं. चार मिनारांपाशी पोरी वर चढल्या, धनीबाई खाली थांबली. "वर जाऊन काय दिसते? खालचंच ना? मी खालीच हावो." बांगड्यांच्या गल्लीत त्या दुकानादुकानात शिरल्या, ती पायरीवर टेकली. दुकानदारानं उठवलं, ती पुढच्या पायरीवर टेकली. एक टांगा तिला घासून गेला आणि टांगेवाला वर तिलाच बोलला; एरवी तिनं त्याच्या घोड्याची सात कुळं काढली असती, पण आज तोंड उघडायचाही कंटाळा आला होता. फेटियाचा घेर पायांत येत होता. पोरी पुढे चालत आणि ती मागे. सकाळी त्यांच्यात हातभर अंतर होतं, दुपारी मधून बैलगाडी जाईल एवढं झालं. आपण हळू झालो की पोरींनी पाय उचलले, हे तिनं दोनतीनदा मनात तपासून पाहिलं. पोरी एखादा टांगा जाऊ द्यायला थांबत, आणि ती जवळ आली की निघत.

शेवटी नवाबाच्या अजबखान्यापाशी आल्या. तिथं घड्याळातून बाहुला निघून टोले देतो, असं हंसाला शाळेत कोणी सांगितलं होतं. दारावरचा माणूस अदबीचा होता. त्यानं गाठोडं पाहून हात आडवा केला.

"सामान अंदर नहीं जाएगा, बिटिया." मग धनीबाईकडे पाहून त्यानं सहज विचारलं, "ये बाई आपका सामान उठाती है?"

त्याची काय चूक? पुढे दोन परीटघडीच्या पोरी, मागे डोक्यावर ओझं घेतलेली बंजारीण, तिकडच्या बोलीत लंबाडन. शहरात रोज हेच दिसत असणार. जमनीनं हंसाकडे पाहिलं. हंसानं दाराकडे पाहिलं.

"हां," हंसा म्हणाली. "ये बाहर बैठेगी."

धनीबाईला हिंदी चांगलं समजत होतं. तिनं तोंड उघडलंही असतं. तिच्या जिभेनं भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. पण ती वळली आणि समोरच्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसली. बसताना गुडघे वाजले.

भिंतीलगतच इमारतीचं काम चाललं होतं. चुन्याची घमेली बाजूला ठेवून तीनचार बायका भाकर खायला बसल्या होत्या. धनीबाईनं मान वर केली आणि पाहतच राहिली. तीच कांचळी, तेच आरसे, त्याच बलिया. परमुलखात आपलीच माणसं चुना वाहत होती. त्यांनीही तिला पाहिलं आणि गोरबोलीत पहिला प्रश्न विचारला तो गावाचा नाही, गोताचा.

"राठोडाची लेक, पवाराची सून," धनीबाई म्हणाली.

"मी राठोडाचीच सून! मंग तू माही नणंद लागते," त्यातली मोठी, मानीबाई, हसली आणि तिनं अर्धी भाकर पुढे केली. "खा, नणंदबाई. नणंदेले नाही दिलं त घरी जाऊन चुगली करशीन."

धनीबाईनं भाकर घेतली. खाऊन पाणी प्याली.

"थ्या दोघी कोण होत्या?" मानीबाईनं विचारलं. "तुले बाहीर बसवून आत गेल्या थ्या?"

त्या माझ्या पोटच्या, असं सांगणं किती सोपं होतं! पण मग पुढचा प्रश्न आला असता, की आत का नाही नेलं. धनीबाई मानाची बाई. परक्यानं मारलेली चापट ती तांडाभर दाखवेल, पोटच्या पोरीनं मारलेली पदराखाली झाकेल.

"साहेबाच्या पोरी हायेत," ती म्हणाली. "मी गाठोडं वाहतो त्यायचं."

मानीबाईनं जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि विषय सोडला. धनीबाई भिंतीला टेकली. डोळे मिटत होते. तांड्यातल्या बायका आता कापूस वेचत असतील, आणि हंसाची याडी पोरींना घेऊन मोठी हैदराबाद पाहायला गेली म्हणून बोलत असतील.

बऱ्याच वेळानं पोरी बाहेर आल्या. जमनीचे डोळे अजून घड्याळातच होते. हंसा दोन पावलांवर येऊन थांबली. गाठोड्याकडे पाहिलं, हात मात्र पदराशीच. धनीबाई भिंतीला धरून उठायला लागली, तोच मानीबाई बोलली. आवाज खाली घ्यायचं कारण नव्हतं. साहेबाच्या पोरींना गोरबोली कुठली कळायला!

"पाह्य कशी उभी हाये, बगळ्यावाणी. मायच्या वयाची बाई दमून गेली, अन् हिले ओझ्याले बोट लावायची लाज. हिच्या मायनं हिले काही शिकवलंच नाही वाटते. असं पोट पिकण्यापरीस वांझोटी राह्यली असती त बरं."

बाकीच्या हसल्या. जमनीनं तोंड उघडलं, पण याडीचा डोळा पाहून मिटलं. धनीबाई तशीच अर्धी उठलेली राहिली. शिवी तिलाच लागली होती, आणि एका शब्दानं ती ते थांबवू शकत होती. तिनं शब्द काढला नाही. दारावरचा माणूसही इकडेच पाहत होता.

हंसाचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मग ती गोरबोलीत बोलली, दारापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं.

"ये मारी याडी छ. माय हाये थे माही. तिनं शिकवलं होतं. म्याच घेतलं नाही."

हसणं थांबलं. हंसानं वाकून गाठोडं उचललं आणि डोक्यावर ठेवलं. चुंबळ घेतली नव्हती, ते एका बाजूला घसरलं, भाकरीचं फडकं खाली पडलं. मानीबाई उठली, आपल्या चुन्यानं भरलेल्या ओढणीची, टुकरीची, चुंबळ करून पोरीच्या डोक्यावर बसवली आणि वर गाठोडं ठेवून दिलं.

"नणंदबाई," ती धनीबाईला म्हणाली, "माह्याशी खोटं बोलली तू."

"सुरवात माही नव्हती," धनीबाई म्हणाली.

ट्रकपर्यंत हंसानं गाठोडं दुसऱ्या कोणाला दिलं नाही. मान आखडली, दोनदा थांबली, पातळ चुन्यानं माखलं. लोक वळून पाहत होते. आता तिघींकडेही पाहत होते. धनीबाईला वाटलं होतं, हे पाहून जिवाला थंड वाटेल. तसं काही वाटलं नाही. पाय दुखत होते, आणि अजबखान्याच्या दारातला तो एक 'हां' कानात तसाच बसला होता.

ट्रकपाशी टेकल्यावर ती म्हणाली, "हंसा, तुही अट म्या पुरी केली. माही मी सोडली. ढावलो नको म्हणू. दारात जे तोंडातून निघालं थे निघालं. आता तू माह्या गळ्यात पडून रडली, त मले थे खरं वाटनार नाही. अन् खोटं ऐकायची मले सवय नाही. मी शिकवलेल्या पोरी खोटं रडत नाहीत."

"तांडा तुले नावं ठेवीन," हंसा म्हणाली.

"ठेवू दे. आता बोलू नको. थकली मी."

रात्र ट्रकनं खाल्ली. सकाळी पैनगंगेपाशी रूपसिंगनं इंजनात पाणी घालायला गाडी थांबवली आणि डबा घेऊन नदीकडे उतरला. जमनी तोंड धुवायला गेली. नदीपलीकडे आपला मुलूख. धनीबाई फळीवर डोळे मिटून होती. गाठोडं हंसाच्या मांडीवर होतं.

आधी तिला वाटलं, दूर कोणी जनावरं हाकतंय. मग शब्द कळले. हंसा हळू आवाजात सूर धरत होती. उंबरठा नाही, गाय नाही, बाप नाही, सरळ याडीवरच. याडी, तुझ्या डोक्यावरचं ओझं माझंच होतं. याडी, परमुलखाच्या दारात मी तुला मजूर म्हटलं. परक्या बाईनं तुला शिवी दिली, तेव्हा तू मला झाकलंस. आता सासरच्या दारात मला कोण झाकेल? पुढं शब्द सुचेना. आवाज फाटला, आणि जे राहिलं ते गाणं नव्हतं.

धनीबाईनं डोळे उघडले नाहीत.

"हे तांड्यासमोर म्हणशीन? मैत्रिणीयच्या पुढं?"

"हौ."

"सारं? थे दारावरचं बी?"

"थे नाही म्हटलं त बाकीचं कायले म्हणू?"

 खाली रूपसिंग डब्यानं पाणी ओतत होता, इंजन फुसफुसत होतं.

"माहं नाक कापलं जाईन," ती म्हणाली.

"लांब हाये तुहं नाक."

धनीबाईनं डोकं फळीवरून काढून हंसाच्या खांद्यावर टाकलं. बलियांचं, घुगरीचं, साऱ्या अंगाचं वजन तिनं पोरीवर सोडून दिलं. पोरगी थोडी वाकली, पण सरकली नाही.

"सूर खाली घे," डोळे मिटूनच धनीबाई म्हणाली. "बकरीवाणी ओरडू नको. अन् पहिल्यापासून म्हण."