वरच्या आळीची नर्स

माझ्या मोबाइलमधलं अॅप रोज सकाळी सात वाजता विचारतं, "आज कसं वाटतंय?" जानेवारीपासून मी त्याला रोज थाप मारत होते. सांधेदुखी शून्य, थकवा शून्य, झोप उत्तम. खाली हसरे आणि रडके चेहरे असतात, त्यातला सगळ्यात हसरा चेहरा मी निवडायची. स्वतःचा चेहरा मात्र उशीत खुपसलेला असायचा.

मला ल्युपस होऊन अकरा वर्षं झाली. अंगातले पहारेकरी चोर सोडून घरच्यांनाच बडवायला लागतात, अशी ही भानगड आहे. उन्हात गेले की गालांवर लाल चट्टे उठतात, आणि सकाळी बोटं इतकी आखडतात की कॉफीचा कपसुद्धा धरवत नाही. आमच्या डॉक्टर आरोसेमेना बसतात राजधानीत, बसने पाच तासांवर. म्हणून हे अॅप. सकाळी काट्यावर उभं राहायचं, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, ते आकडे आपोआप जातात. दुखणं-खुपणं आपण भरायचं, आणि आठवड्यातून एकदा लघवीत पट्टी बुडवून तिच्या रंगाचा फोटो पाठवायचा. हे सगळं आधी आपल्या गावची नर्स बघते आणि काही वावगं दिसलं तर डॉक्टरांना कळवते.

गेल्या वर्षापर्यंत ओवीदियो नावाचा बाहेरगावचा भला नर्स होता. त्याला मी सगळं खरं सांगायची, अगदी बद्धकोष्ठसुद्धा. जानेवारीत त्याची बदली झाली आणि त्याच्या जागी आली दायरा बार्रियोस. वरच्या आळीची! वर मेलिदाची सख्खी भाची!

आमच्या लास ताब्लासमध्ये माणूस आधी आळीत जन्मतो आणि मग गावात. वरच्या आळीची कार्निव्हलची राणी वेगळी, खालच्या आळीची वेगळी. बँड वेगळे, रथ वेगळे, आणि गाणाऱ्या बायकांचे ताफेही वेगळे. कार्निव्हलचे चार दिवस आम्ही चौकात समोरासमोर उभ्या राहून गाण्यांतून एकमेकींची लक्तरं काढतो. खालच्या आळीची पहिली गाणारीण मी, बावीस वर्षं. वरच्या आळीची मेलिदा. त्या बाईच्या कानावर पडलं की त्याचं गाणं झालंच म्हणून समजा. एका वर्षी कार्निव्हलात गर्दीवर पाणी उडवणाऱ्या टँकरखाली नाचताना माझ्या नवऱ्याची, दीदिमोची, कवळी गळून पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खी वरची आळी त्यावर गात होती. अजून पोरं त्याला कवळीकाका म्हणतात.

आता अशा घरच्या पोरीला मी सांगू, की सकाळी माझा गुडघा वाकत नाही आणि आंघोळ करून आले की धाप लागते? शक्यच नाही. म्हणून सगळं शून्य.

कार्निव्हल शनिवारी सुरू व्हायचा होता. गुरुवारी माझी सँडल पायात जाईना. दीदिमोने घोट्यावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला.

"एदिल्मा, हे बरं नाही हं. त्या पोरीला कळव."

"उष्णतेने सुजलेत. आणि तू त्या मेलिदाच्या भाचीचं नाव या घरात काढू नकोस."

"काढू नको काय! गाणं मोठं की तू मोठी?"

मी सँडल पलंगाखाली सरकवली, कारण खरं उत्तर त्याला आवडलं नसतं. त्या आठवड्यात पट्टीचा फोटोही मी पाठवला नव्हता. लघवीला फेस येत होता, तो मला दिसत होता. मी पाणी सोडून दार लावून घेत होते.

शुक्रवारी दुपारी बाहेर गलका झाला. पडवीत येऊन बघते तर आमच्या आळीच्या मधोमध दायरा चालत येतेय, आणि अंगात काय, तर वरच्या आळीच्या राणीचा फोटो छापलेला सदरा! थेट तालमीतून उठून आली होती. दोन्ही बाजूंनी आमच्या बायका तिला हुर्यो करत होत्या. समोरच्या घरातून कुणीतरी तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. तशी निथळत ती माझ्या पायरीवर आली.

"नमस्कार, निन्या एदिल्मा." आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला मान द्यायचा तर निन्या, म्हणजे मुली, असंच म्हणतात.

"वाट चुकलीस का गं? वरची आळी वर आहे."

"ठाऊक आहे. मला आत घ्या, नाहीतर इथेच मोठ्याने बोलते."

घेतली आत. करते काय? दीदिमोने निमूटपणे टॉवेल दिला. तिने केस पुसले आणि मोबाइल माझ्यासमोर धरला.

"हे बघा. डिसेंबरपर्यंत दुखणं कधी चार, कधी सहा, कधी पाच. आणि हा जानेवारी. माझी नेमणूक झाली त्या दिवसापासून तुमचं सगळं दुखणं पळालं. इतकी चांगली नर्स मी नाही हो."

दीदिमो खोकला. हसू दाबायचं असलं की तो असाच खोकतो.

"तोंडाने तुम्ही शून्य म्हणता, पण काटा खोटं बोलत नाही. चार दिवसांत अडीच किलो वजन वाढलंय. रक्तदाब आज सकाळी एकशे साठ. पाय दाखवा."

"पाय बघायला आलीस की गाणं गोळा करायला?"

तिने टॉवेल बाजूला ठेवला. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "माझी आई याच आजाराने गेली, निन्या. मूत्रपिंडं गेली तिची. तीही सगळ्यांना म्हणायची, मी मजेत आहे. मी बारा वर्षांची होते. मला खरंच वाटायचं की ती मजेत आहे."

मी पाय पुढे केले.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. पट्टी बुडवली, ती गर्द हिरवी झाली, म्हणजे लघवीतून प्रथिनं वाहून जात होती. घरातूनच मोबाइलवर डॉक्टर आरोसेमेनांना गाठलं. त्यांनी आधी मला पाच मिनिटं झापलं आणि मग उपचार सांगितले. मूत्रपिंडांना सूज आलेली, पण वेळेत सापडली होती. आजच रक्त तपासायला द्यायचं, गोळ्या वाढवायच्या, मीठ बंद, ऊन बंद.

"आणि गाणं?" मी विचारलं. आवाज माझा मलाच केविलवाणा वाटला.

"मंगळवार सकाळपर्यंत वजन आणि रक्तदाब उतरला, तर संध्याकाळी एक तास. सावलीत, बसून. नाही उतरला तर बाई, तुम्ही बसमध्ये बसून माझ्याकडे यायचं. आणि खरं भरायचं. एक जरी थाप सापडली तरी गाणं रद्द."

शनिवार, रविवार मी बंद खिडकीआड काढले. बाहेर टँकरचे फवारे, ढोल, आमच्या ताफ्याचे माझ्याविना सूर. आत मी, सांकोचो म्हणजे आमचं कोंबडीचं सूप, तेही अळणी, आणि कवळीकाका. रविवारी सकाळी अॅपने विचारलं. गुडघे सहा होते. सहा भरलं तर मंगळवार जाईल, ही एक भीती, आणि मेलिदाला कळेल, ही दुसरी. खरं सांगते, दुसरी मोठी होती. बराच वेळ बोट शून्यावरच फिरत राहिलं. मग त्या पोरीची आई आठवली, आणि मी सहा भरलं.

सोमवारी दुपारी वरच्या आळीचा ताफा आमच्या कोपऱ्यावर येऊन थांबला. माझं घर कोपऱ्यावरच आहे. ढोल थांबला आणि मेलिदाने गळा साफ केला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. झालं, पोरीने सांगितलं, मी मनात म्हटलं. आता माझं मूत्रपिंड चौकात नाचणार. दीदिमो खिडकी लावायला धावला, पण मी त्याचा हात धरला. ऐकायचंच होतं मला.

मेलिदा गायली:

"खालच्या आळीची एदिल्मा कुठे गं लपली?
आमचा ढोल ऐकून तिची बोबडी गं वळली!"

बायकांनी टाळ्या पिटत तेच दहादा घोळवलं. मी पुढच्या कडव्याची वाट बघत राहिले. पुढचं कडवं आलं ते आमच्या राणीच्या जाड पोटऱ्यांवर.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेलिदाला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मी भिऊन बसलेय असं तिला वाटत होतं! कार्निव्हलच्या सोमवारी, सख्ख्या मावशीला, हातात असलेलं इतकं तयार गाणं त्या पोरीने दिलं नव्हतं. पडद्याच्या फटीतून मला ती दिसली. ताफ्याच्या दुसऱ्या रांगेत उभी राहून माझ्याच नावाने बोंबलत होती, आणि टाळ्याही जोरात वाजवत होती. मी तिथेच रडायला लागले. इतका सुंदर अपमान माझा जन्मात कुणी केला नव्हता.

"काय झालं? मनाला लावून घेऊ नकोस," दीदिमो म्हणाला.

"गप रे. वही आण माझी."

मंगळवारी सकाळी वजन दोन किलोने उतरलं होतं, रक्तदाब एकशे तीस. अॅपवर दायराचा निरोप आला, "डॉक्टरांची परवानगी. एक तास. टोपी विसरू नका."

ऊन उतरल्यावर चार जणींनी मला खुर्चीसकट चौकात नेलं. समोर मेलिदा कमरेवर हात ठेवून उभी. मी बसूनच सूर लावला. पहिल्या ओळीला तो थोडा थरथरला, मग सापडला:

"भिऊन नाही बायांनो, दुखण्याने बसले घरी,
तुमचा बेसूर ऐकला नि उठले, झाले बरी!"

आमच्या आळीने असा ओरडा केला की चर्चवरची कबुतरं उडाली. दुखण्याचं नाव मीच चौकात घेतलं होतं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. मग मी दुसरं कडवं घेतलं, दायराकडे अजिबात न बघता:

"वरच्या आळीत शहाणं माणूस एकच आहे बाई,
नाव मला ठाऊक, पण सांगायची नाही!"

मेलिदा चमकून आपल्याच बायकांकडे बघायला लागली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "कोण गं? तू गेली होतीस तिच्याकडे?" रांगेतच भांडण जुंपलं. दायरा दुसऱ्या रांगेत मान खाली घालून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, ते मी तिला आजवर विचारलेलं नाही.

बुधवारी सकाळी सात वाजता अॅपने विचारलं. सांधेदुखी तीन, थकवा सात, पायांची सूज थोडी. खाली शेरा लिहायला जागा असते, तिथे मी कधी काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं, "मजेत आहे. या वेळी खरंच."

थोड्या वेळाने उत्तर आलं. "आकडे बघितले, पटलं. गाणं मात्र सुमार होतं. पुढच्या वर्षी आम्ही बघून घेऊ."