पट्ट्याला पोळ्याचे आवतण

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. विजारीचा नव्हे, आणि कुत्र्याच्या गळ्यातला तर मुळीच नव्हे. मी पाठीचा पट्टा. माणसाला छातीपासून कमरेखालपर्यंत कवटाळून बसणारा. जाड चामडे, आत मऊ अस्तर, पाठीशी उभ्या पोलादी पट्ट्या आणि पुढे ओळीने बक्कल. अमरावतीला एका दुकानात माझा जन्म झाला, चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात. माझ्या शेजारी कुबड्या टांगलेल्या होत्या. त्या कधी हसत नसत. मी मात्र पहिल्या दिवसापासून करकर वाजत असे.

ज्यांच्यासाठी मी जन्मलो ते शेषराव मास्तर मूर्तिजापूरच्या एका शाळेत ड्रिल शिकवीत. घरी थोडी काळी शेती आणि एक बैलजोडी. शाळेत कसरतीचा एक लाकडी घोडा होता. त्याच्यावरून उडी कशी घ्यावी हे पोरांना दाखवताना पलीकडची गादी सरकली आणि मास्तर पाठीवर आदळले. गावभर बातमी झाली की मास्तर घोड्यावरून पडले. शेजारचे नत्थुजी भेटायला आले.

"घोडा कोनाचा होता जी?"

"शाळेचा."

"लय उधळला काय?"

"लाकडाचा होता, नत्थुजी."

नत्थुजींनी बराच विचार केला. "म्हंजे तुमी उभ्या घोड्यावरून पडले!"

मास्तरांना हसले तरी पाठीत कळ येत होती. नागपूरच्या डॉक्टरांनी मास्तरांच्या कमरेच्या हाडाचा तुकडा काढला आणि तो मध्ये बसवून पाठीचे दोन मणके एकमेकांना जोडून टाकले. मग कित्येक महिने प्लॅस्टर. प्लॅस्टर निघाले आणि मी आलो.

मला रोज सकाळी बांधण्याचे काम मास्तरांच्या बायकोचे. तिचे नाव कौशल्या. कडेवर लहानगी मैना, आणि डोळे सदा नवऱ्याच्या पाठीवर. अमरावतीच्या कॉलेजात तिने बी. ए.ला तर्कशास्त्र घेतले होते. त्यामुळे तिची काळजीसुद्धा पायरीपायरीने चढत असे. शिंक आली की पाठ हलणार, पाठ हलली की मणका हलणार, म्हणून घरात मिरचीची फोडणी बंद! तिची सासू गोदाबाई हिने दोन दिवस तशीच भाजी खाल्ली. तिसऱ्या दिवशी ताट पुढे सारून म्हणाली, "बिनाफोडनीच्या भाजीनं मनका जुडते, हे कोन्त्या पुस्तकात लिवलं हाय वं?"

मास्तर खाली पडलेला मैनाचा खुळखुळा उचलायला निघाले की आतून आवाज येई, "वाकू नका!" मग बिचारे उंटासारखे टप्प्याटप्प्याने खाली बसत. मैनाला वाटे, बाबा खेळतात. ती पुन्हा खुळखुळा टाकी.

मित्रांनो, वर्षभर मी त्या पाठीला तसूभर हलू दिले नाही. अमरावतीच्या डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "हाड छान जुळलं. आता पट्टा नको. आधी भरपूर चाला. मग हळू पळा. मग जागच्या जागी छोट्या उड्या. काही दुखलं नाही तरच पुढची पायरी. महिने लागतील, पण तुम्ही पुन्हा उड्या माराल."

"आणि शिंक?" कौशल्येने विचारले.

"शिंका आजपासून."

त्या रात्री घरात फोडणी झाली. सगळे शिंकले.

मला वाटले, संपले माझे काम. आता खुंटी आणि विश्रांती. पण झाले भलतेच. मास्तर चालू लागले, पळू लागले, अंगणात टुणटुण उड्याही मारू लागले. पण माझ्याशिवाय नाही. डॉक्टर पुढच्या खेपेला रागावले, "अहो, पाठीला तिचं काम करू द्या! पट्ट्याने ती आळशी होईल." मास्तरांनी मान डोलावली आणि घरी येऊन मला पुन्हा बांधले. कौशल्येनेही बक्कल ओढून दिले. दोघांनाही माझ्यावाचून धीर नव्हता. मीही थोडा फुगलो होतो, खोटे कशाला बोलू?

इकडे हेडमास्तरांनी प्रेमाने सांगितले, "शेषराव, दिवाळीपर्यंत पाहू. उड्या जमत नसतील तर तुम्ही सूतकताईचा तास घ्या. बसून काम आहे." म्हणजे ज्या माणसाच्या शिट्टीवर अख्खी शाळा उडी मारत असे, त्याने मांडी घालून टकळी फिरवायची! मास्तर हसून "बरं" म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते अंगणात आले. मातीत काठीने रेघ ओढली. लांबून पळत आले आणि रेघेपाशी थांबले. माझ्यावर हात फिरवला. पुन्हा मागे गेले, पुन्हा आले, पुन्हा थांबले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कौशल्या पाहत होती. मग त्यांनी पायाने रेघ पुसून टाकली.

असे करता करता पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. लोणी-हळद लावतात, पळसाच्या पानाने चोळतात, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण देतात. जुवाच्या जुपण्या, कासरे, घुंगरांचे पट्टे, सगळे तेलात न्हाते. रात्री मास्तर मला उतरवून निजलेले. मी खुंटीवर. गोदाबाई बैलांचे आटोपून आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बैलायनं वर्सभर जू वायलं, त्याईचं कवतिक. अन् यानं माह्या लेकाची कंबर वायली, याचं काहीच नाई?"

तिने मला मांडीवर घेतले. एरंडीचे कोमट तेल आत-बाहेर चोळले. पोलादी पट्ट्या हाताला लागल्या तेव्हा म्हणाली, "हे टोचत असन रे तुले." त्या एकेक करून उपसल्या आणि बाजूला ठेवल्या. मग हळद, मग लोणी. शेवटी पळसाचे पान माझ्या अंगावर फिरवून म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

माझ्या आयुष्यात मला कोणी जेवायला बोलावले नव्हते. मी विरघळलो. मित्रांनो, खरोखरच विरघळलो! सकाळपर्यंत मी पुरणपोळीइतका लुसलुशीत झालो होतो. आणि माझ्या पोलादी पट्ट्या? त्या गोदाबाईने दोडक्याच्या वेलाला टेकू म्हणून अंगणात रोवल्या होत्या. दोडका ताठ उभा होता.

पोळ्याच्या सकाळी कौशल्या मला बांधायला आली. मास्तर पाठमोरे उभे होते. तिने बक्कल ओढले आणि तिची बोटे थबकली. ती बोटे मला रोज ओळखत होती. तिने अस्तर चाचपले. आत काहीच नव्हते. खिडकीतून तिला दोडक्याचा वेल दिसला आणि त्याला टेकू दिलेल्या पोलादी पट्ट्याही.

"काय झालं?" मास्तरांनी विचारले. "घट्ट कर ना."

सांगावे, तर ते घरातच बसणार. न सांगावे, आणि काही झाले तर? पायरीपायरीने चढणारी तिची काळजी एकदम माळ्यावर गेली. पण मग तिला डॉक्टरांचे शब्द आठवले असावेत, आणि मातीतली पुसलेली रेघही. तिने बक्कल लावले.

"झालं घट्ट," ती म्हणाली. तिचा आवाज मात्र माझ्यासारखाच मऊ होता.

दुपारी मैदानात तोरणाखाली बैल ओळीने उभे राहिले. झडत्यांची गाणी झाली, तोरण तुटले, पोळा फुटला! जो तो आपले बैल घेऊन घराकडे निघाला. आमचा पाखऱ्या बैल फटाक्याने बिचकला आणि कासऱ्यासकट मास्तरांना घेऊन सुसाट सुटला. मास्तर मागे पळत होते. मी तेलाने निसरडा, बक्कलाची जीभ बुळबुळीत. पहिल्या वळणावर एक बक्कल सुटले, दुसऱ्यावर दुसरे, मग बाकीचीही. मी धरून राहण्याचा फार प्रयत्न केला हो! पण सदऱ्याखालून घसरत घसरत मी सांडपाण्याच्या रुंद नालीच्या काठाशी आलो आणि चिखलात पडलो.

पाखऱ्याने नाली ओलांडली. त्याच्या मागे, कासरा धरून, मास्तरांनीही.

ती उडी मी चिखलातून पाहिली. पाय जोडून, गुडघे वाकवून, पोरांना दाखवतात तशी. पलीकडे ते दोन्ही पायांवर उतरले, बैलाला आवरले आणि सवयीने माझ्यावर हात फिरवायला गेले. हाताला सदराच लागला.

तेवढ्यात मागून नत्थुजी ओरडले, "मास्तर! तुमची कंबर इकडंच राह्यली जी!"

मास्तरांनी वळून चिखलाकडे पाहिले. मैनाला कडेवर घेऊन कौशल्या धापा टाकत काठावर आली. तिने मला पाहिले, मग पलीकडे पाहिले.

"कळ आली?"

"नाही."

"मुंग्या? पायात?"

"नाही गं. काहीच नाही." त्यांना स्वतःलाच खरे वाटत नव्हते. "थांब, पुलावरून येतो."

कौशल्येने मैनाला घट्ट धरले. मग ती म्हणाली, "पूल लांब आहे. उडी मारून या. गुडघे वाकवून."

मास्तरांनी कासरा एका गड्याकडे दिला, चार पावले मागे गेले, पळत आले. काठावर थांबले नाहीत.

त्या संध्याकाळी मला धुऊन पाटावर ठेवले आणि समोर पुरणपोळीचे ताट वाढले. आवतण दिले म्हणजे दिले, असे गोदाबाईचे म्हणणे. कौशल्येने वेलाखालच्या पोलादी पट्ट्या परत मागितल्या नाहीत. दोडके मात्र त्या वर्षी फार लागले.

दिवाळीनंतर टकळी दुसऱ्या कोणी फिरवली. मास्तरांनी माझे चामडे उलगडून लाकडी घोड्याच्या पाठीवर ठोकून बसवले. गादी सरकू नये म्हणून पलीकडे खुंट्याही मारल्या. पूर्वी मी एका पाठीला धरून होतो. आता शाळेची सगळी पोरे माझ्या पाठीवर तळवे टेकून उडतात. लोण्याच्या वासाने मुंग्या येतात, तेवढाच त्रास.

म्हणून सांगतो, मित्रांनो, दुखऱ्या पाठीला आधार द्या, मनापासून द्या. डॉक्टर सांगतील त्या पायरीने चढा. आणि आधाराचे काम झाले की त्याला तेल-हळद लावून, पोटभर जेवू घालून मोकळा करा.

आता मैना शाळेत येते. काल ती माझ्याकडे पळत आली तेव्हा कौशल्या फाटकापाशी उभी होती. मैनाच्या पहिल्या उडीच्या वेळी तिने दोन्ही डोळे मिटून घेतले होते. काल तिने एकच मिटला.